पटाची माती, रविवारची रेस

रात्री दहानंतर अमरावतीहून वलगावकडे निघालात, तर तो आवाज तुम्हीही ऐकला असेल. सायलेन्सर काढलेल्या दोन बाईक मागून येतात, आरशात उजेड होतो न होतो तोच पुढे गेलेल्याही असतात. मागे बसलेला एक हात सोडून व्हिडिओ काढत असतो. आपण मनातल्या मनात दोन शिव्या घालतो आणि पुढच्या वळणावर काही दिसू नये अशी इच्छा करतो.

मी कॉलेजला होतो तेव्हा त्या मागच्या सीटवर मी बसलेलो आहे. पैज एका प्लेट चिकनची होती. "चाल बे, पाहू कोनाची गाडी पुढं जाते," एवढं म्हणायला पुरलं. पेढीच्या पुलाच्या अलीकडे रस्त्यात एक गाय बसली होती. आमची गाडी थांबली, दुसरी नाही थांबली. गाय उठून निघून गेली. मित्राच्या मांडीत आजही रॉड आहे, आणि पावसाळ्यात तो दुखतो. ते चिकन कोणी खाल्लं नाही.

हे सांगतोय कारण पुढे जे लिहिणार आहे ते 'तरुणांनो, वेग कमी करा' या प्रकारातलं नाही. ते तुम्हाला शाळेपासून पाठ आहे आणि त्याचा उपयोग किती होतो तेही माहीत आहे. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यात जवळपास ७५ हजार दुचाकीवरची होती. म्हणजे शंभरातली चव्वेचाळीस. आकडा वाचून कोणी गिअर बदलत नाही. मी पण बदलला नव्हता.

मला विचारायचंय ते वेगळंच. वेग हवाच असेल, तर तो कुठे करायचा? आपल्याकडे त्यासाठी जागा आहे का?

माझं म्हणणं, आहे. आणि ती वर्षातले साडेतीनशेच्या वर दिवस नुसती पडून असते.

पट माहीत आहे ना?

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी शंकरपट मोठेपणीच पाहिला असणार. कारण साधं आहे. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने जल्लीकट्टूसोबत बैलांच्या शर्यती बंद केल्या, तेव्हा तुम्ही दुसरी-तिसरीत असाल. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, पण हायकोर्टाने लगेच हात धरला. मग १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. मधली सात वर्षं पटाच्या जागेवर गवत होतं. पटाचे बैल विकले गेले, काहींनी नुसते सांभाळले.

पुण्याकडचे मित्र 'बैलगाडा' म्हणतात, घाट म्हणतात, बारी म्हणतात. त्यांच्याकडे गाड्यापुढे घोडीही पळते. आपला पट वेगळा. हलका छकडा, एक जोडी, त्यावर धुरकरी, सरळ पट्टी आणि घड्याळ. काही सेकंदांचा खेळ. पूर्वी दोन माणसं हातात स्टॉपवॉच धरून उभी असत आणि अर्ध्या सेकंदावरून गावं भांडत. आता बऱ्याच ठिकाणी सेन्सरचा टायमर आला, त्यामुळे भांडण सेकंदाच्या शंभराव्या भागावर गेलं, एवढाच फरक. धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासरचा जानेवारीतला पट तर प्रसिद्धच आहे. तिथे बायकाही धुरकरी होतात. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांनी एकदा जाऊन यावं, 'बायकांना गाडी जमत नाही' वगैरे विनोद तिथेच सोडून याल.

तर मुद्दा असा की पट दोन-चार दिवसांचा. त्यासाठी पट्टी सपाट होते, ढेकळं फोडतात, पाणी मारतात, बाजूने बल्ल्या ठोकतात, मंडप येतो, भोंगा येतो, ॲम्ब्युलन्स येते, जनावरांचे डॉक्टर येतात, कलेक्टर ऑफिसची परवानगी येते. हजारो माणसं जमतात. चौथ्या दिवशी सगळं उचललं जातं. उरते ती पट्टी.

आता तुम्ही म्हणाल, मग पटच दर आठवड्याला का नको? हा प्रश्न मी आमच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्या पटशौकिनाला विचारला होता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बैल पाहिलाच नाही आयुष्यात. "हप्त्या-हप्त्याले पयवला तं बैल वर्षात बसून जाते बाबू. बैल आहे थो, इंजन नाही." विषय संपला. कायदाही तेच म्हणतो, फक्त लांब भाषेत: काठी नाही, तुतारी नाही, शॉक नाही, बैलाला त्रास दिला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

बैल दर आठवड्याला पळू शकत नाही. इंजिन पळू शकतं.

आयोवातलं वलगाव

अमेरिकेत आयोवा राज्यात नॉक्सव्हिल नावाचं गाव आहे. वस्ती सात-आठ हजार. चारही बाजूंनी मका आणि सोयाबीन, म्हणजे आपल्याकडून तूर-कपाशी वजा केली की जे उरेल ते. त्या गावात जिल्ह्याच्या कृषी जत्रेचं मैदान आहे आणि त्या मैदानावर मातीचा लंबगोल ट्रॅक, फेरी साधारण ८०० मीटरची. अमेरिकेतल्या अशा जत्रांच्या मैदानांवर आधी घोडे पळायचे, मग गाड्या आल्या. नॉक्सव्हिलला उन्हाळाभर दर शनिवारी रात्री तिथे 'स्प्रिंट कार' पळतात. १९६१ पासून ऑगस्टमध्ये त्यांची मोठी स्पर्धा होते, तेव्हा गावाच्या कितीतरी पट माणसं गावात उतरतात. स्प्रिंट कारचं राष्ट्रीय म्युझियमही त्याच गावात आहे.

स्प्रिंट कार म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगतो. वजन ड्रायव्हर धरून साडेसहाशे किलोच्या आसपास. इंजिन ६.७ लिटरचं, ताकद नऊशे हॉर्सपॉवर. आपली स्प्लेंडर साधारण आठची. म्हणजे एकशे दहा स्प्लेंडर एका पाइपच्या सांगाड्यात कोंबल्या असं समजा. वर एक मोठा पत्र्याचा पंख, गाडी उडू नये, जमिनीला दाबून राहावी म्हणून. स्टार्टर नाही, नेहमीसारखा गिअरबॉक्स नाही, मागून दुसऱ्या गाडीने ढकलल्याशिवाय ती सुरूच होत नाही. पेट्रोल नाही, मिथेनॉल पिते. आणि वळणावर सरळ जात नाही, आडवी सरकत जाते, ओल्या मातीचे गोळे मागच्यांच्या तोंडावर उडवत. यूट्यूबवर बघा, पण परीक्षा झाल्यावर. एकदा बघायला लागलात की पहाट होते.

मग आणायची का ती वऱ्हाडात?

नाही. आणि नाहीचं कारण आवाज किंवा संस्कृती वगैरे नाही. पैसा. अशा गाडीचं नुसतं इंजिनच पन्नास-साठ हजार डॉलर्सच्या घरात जातं, म्हणजे चाळीस-पन्नास लाख रुपये. एवढ्यात पाच-सहा ट्रॅक्टर दारात येतात. खुद्द अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या ट्रॅकवाल्यांपुढे हाच पेच असतो: दर आठवड्याला स्प्रिंट कार ठेवायच्या की नाही? बक्षिसाची रक्कम वाढवली तर तिकीट वाढतं, नाही वाढवली तर बारा गाड्यांऐवजी पाचच येतात, आणि पाच गाड्यांची रेस बघायला कोण येणार. म्हणून बऱ्याच ठिकाणी लहान इंजिनांचे वर्ग आहेत. काही छोट्या गाड्यांत चक्क ६०० सीसी बाईकचं इंजिन बसवलेलं असतं. शिवाय भंगारातली जुनी कार घ्यायची, काचा काढायच्या, आत पाइप वेल्ड करायचे आणि शनिवारी उतरायचं, हाही वर्ग असतो. त्यांच्या दर आठवड्याच्या रेसिंगचा खरा कणा हाच. नऊशे हॉर्सपॉवर ही वरची मलई.

आपल्याला मलई नको. कणा हवा.

तुमच्या वर्कशॉपमध्ये आधीच आहे

मेकॅनिकलवाले आता सरसावून बसले असतील. कारण मातीवर पळणारी गाडी त्यांनी केलेली आहे किंवा सीनिअर्सनी केलेली पाहिली आहे. 'बाहा एसएई इंडिया' ही स्पर्धा २००७ पासून चालू आहे. मध्य प्रदेशात इंदूरजवळ पिथमपूरला तिची सुरुवात झाली. नियम सोपा: सगळ्यांना सारखंच दहा हॉर्सपॉवरचं इंजिन, बाकी सांगाडा, सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक, सगळं विद्यार्थ्यांनी डोकं लावून करायचं. शेवटी चार तास मातीत, खड्ड्यांत, चढावर ती गाडी पळवायची. जी टिकली ती जिंकली.

हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा. वर्षभर वेल्डिंगच्या ठिणग्या, स्पॉन्सरसाठी दारोदार, घरी 'प्रोजेक्ट आहे' म्हणून खोटं नव्हे पण अर्धं सांगणं. मग तीन-चार दिवसांची स्पर्धा. तिथे टेक्निकल तपासणीत ब्रेक लागला नाही की गाडी मैदानावरसुद्धा उतरत नाही. परत येताना टेम्पोत सगळे गप्प. पुढे ती गाडी वर्कशॉपच्या मागे ताडपत्रीखाली, आणि दिवाळीनंतर तिचे पार्ट नव्या गाडीला.

याचं एक कारण सरावाला जागा नसणं हे आहे. कॉलेजच्या पार्किंगमध्ये सस्पेन्शन कळत नसतं. ते कळतं मातीत, दहाव्या फेरीला, जेव्हा खालचा बोल्ट सैल होतो. वऱ्हाडात हिवाळ्यात दर रविवारी सकाळी एक मोजलेला मातीचा ट्रॅक उघडा असता, तर आपल्याकडच्या टीम पिथमपूरला पोचेपर्यंत वीस रविवार पळून झाल्या असत्या.

आणि फक्त इंजिनिअरिंगच नाही. टायमर लागतो, निकाल लावणारं सॉफ्टवेअर लागतं, फर्स्ट एडवाले लागतात, झेंडा दाखवणारे मार्शल लागतात, कॉमेंट्री करणारा लागतो (पटाचा निवेदक ऐकलाय का? त्याच्यापुढे टीव्हीवाले फिके). आणि बाईक आहेतच. शंभर-दीडशे सीसीचा एक वर्ग ठेवला तर गावातली अर्धी पोरं आपल्याच गाडीवर येतील, फक्त हेल्मेट आणि गार्ड घालून.

आपल्या शहराला हे नवं नाही. १९१४ ला सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकला जाऊन देशी खेळ दाखवून आली होती. ती काही वर्षातून दोन दिवसांची जत्रा करून गेली नव्हती. रोज सकाळी मातीत होती.

आता विरुद्ध बाजू, कारण ती खरी आहे

पहिली शंका तुमच्या आईची. ट्रॅक म्हणजे सुरक्षित का? नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या सर्किटवर राष्ट्रीय स्पर्धेत बंगळुरूचा तेरा वर्षांचा रायडर गेला. चांगला ट्रॅक, चांगली गाडी, डॉक्टर हजर, तरीही. हे माहीत असून जो हो म्हणेल त्याचंच हो खरं. मी एवढंच म्हणेन की मातीवर, पन्नास-साठच्या वेगात, समोरून ट्रक येत नसताना, शंभर मीटरवर ॲम्ब्युलन्स उभी असताना पडणं आणि रात्री अकराला पेढीच्या पुलाजवळ पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरं कसं असतं ते मी पाहिलंय. आम्ही मित्राला दुधाच्या गाडीत घालून इर्विनला नेलं होतं.

दुसरी शंका पोलिसांची, आणि ती जास्त अवघड आहे. ट्रॅक दिला म्हणून रस्त्यावरच्या रेस थांबतील का? अमेरिकेत हा विचार जुना आहे. रस्त्यांवर आणि कोरड्या तळ्यांवर गाड्या पळवणाऱ्या पोरांना एका पट्टीवर, नियमात आणायचं म्हणून १९५१ मध्ये 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' उभी राहिली. आज तो तिथला मोठा खेळ आहे. रस्त्यावरची रेस मात्र तिथेही संपली नाही. ज्याला रात्रीचा रस्ताच हवा आहे, रील हवी आहे, पोलीस मागे लागण्यातला थरार हवा आहे, तो रविवारी सकाळी सात वाजता टोकन घेऊन रांगेत उभा राहणार नाही. त्याच्यासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे: पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, दुसऱ्यांदा वर्षभर किंवा दहा हजार. आणि पोरगा अठराच्या आतला असेल तर बापाला पंचवीस हजार आणि तीन वर्षांपर्यंत कैद.

पण आमच्यासारखे? ज्यांना फक्त कोणाची गाडी पुढे जाते ते पाहायचं होतं? आमच्यासाठी जागा असती तर आम्ही गेलो असतो. मला खात्री आहे. निदान त्या मित्राला आहे, त्याला मी विचारलं.

तिसरी अडचण जमिनीची, आणि इथे मी स्वतः थोडा अडतो. बोलायला सोपं आहे की गावची ई-क्लास जमीन घ्या. पण ई-क्लासवर कोणाची तरी जनावरं चरतात. ज्याच्याकडे स्वतःचं शेत नाही, दोन बकऱ्या आहेत, त्याचं कुरण घेऊन आपण गाड्या फिरवायच्या, हे मला पटत नाही. त्यापेक्षा जिथे पट भरतो ती जागा, मालकाशी रीतसर भाडं ठरवून. सोयाबीन निघालं की कपाशी-तूर नसलेलं रान मोकळंच असतं.

मातीची गंमत मात्र समजून घ्या. आपली काळी माती ट्रॅकसाठी एका अर्थाने सोनं आहे आणि दुसऱ्या अर्थाने शत्रू. चिकट आहे, त्यामुळे पाणी मारून दाबली की टायरला पकड देते. स्प्रिंट कारवाले अशा चिकणमातीसाठी जीव टाकतात. पण जुलैत त्याच मातीत चप्पल अडकून राहते आणि एप्रिलमध्ये भेगांत पाय जातो. म्हणून वर्षभर दर आठवड्याला हे आपल्याकडे होणार नाही. नोव्हेंबर ते मार्च, वळणांवर मुरूम, आदल्या संध्याकाळी टँकर, सकाळी रोलर. पाणी कुठून, हा प्रश्न मार्चमध्ये येईलच, तेव्हा बंद. प्यायला टँकर लागणाऱ्या गावात धुळीवर पाणी मारणारा माणूस मार खाईल आणि त्याने तो खावा.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो, कारण ते कंटाळवाणं आहे पण त्याच्याशिवाय काही नाही. देशातल्या मोटर स्पोर्टची मान्यताप्राप्त संस्था 'एफएमएससीआय', म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया. आधी क्लब, मग त्यांची मान्यता, स्पर्धकांना लायसन्स, विमा, पोलीस, जिल्हा प्रशासन. पुण्यात जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या स्टेडियममध्ये माती टाकून सुपरक्रॉसची लीग झाली, परदेशी रायडर आले, तिकिटं विकली गेली. म्हणजे महाराष्ट्रात हे होतं. फक्त आपल्यापासून सहाशे किलोमीटरवर होतं. ज्या अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीजचा विक्रम झाला, तिथे वेगाने जायची सोय आपल्याला मिळाली. वेग शिकायची नाही मिळाली.

एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. वलगावजवळ पेढीच्या पुलावर २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबा गेले, तेही गाडीत, अमरावतीच्या वाटेवर. आपल्या सगळ्यांच्या डिग्रीवर त्यांचं नाव आहे. लहानपणी मामाकडे दापुऱ्याला ते गुरं राखायचे. पुढे जत्रेत जनावर कापू नका म्हणून त्यांनी आयुष्य घातलं, पण 'जत्रा करू नका' असं म्हणत बसले नाहीत. जत्रा जिथे भरते तिथेच गेले, हातात खराटा घेऊन. रेस भरतेच आहे, रोज रात्री. तिथे कोण जाणार आहे खराटा घेऊन, ते आपण ठरवायचं आहे. कॉलेजने, पटाच्या मंडळाने की आणखी कोणी.

मागच्या फेब्रुवारीत एका पटाच्या जागेवरून जात होतो. पट होऊन महिना झाला होता. बल्ल्या काढून नेल्या होत्या, पट्टी तशीच होती. चार पोरं दोन स्प्लेंडर घेऊन आली होती. एका टोकाला चपला ठेवलेल्या, दुसऱ्या टोकाला दगड. एक जण मोबाईलवर वेळ लावत होता. जाऊन, दगडाला वळसा घालून परत यायचं. हेल्मेट एकच होतं, ते आळीपाळीने घालत होते. मी थांबलो. धुऱ्यावर शेताचा मालकही बसला होता, बिडी ओढत. मला वाटलं आता हाकलेल.

"किती आले?" त्याने ओरडून विचारलं.

"एक्केचाळीस सेकंद, काका."

"वळनावर लवकर सोडली त्यानं. अजून एकदा घे म्हना."